पुलावर चाके काढलेली बंडी

मित्रांनो, मी धान वाहणारी एक बैलबंडी आहे. आता माझे वय झाले आहे. माझ्या साटीच्या, म्हणजे माल ठेवायच्या तळाच्या, फळ्या कुरकुरतात आणि एका चाकाचे दोन आरे गळून गेले आहेत. पण एक वेळ अशी होती की माझ्यामुळे सबंध गावाचा रस्ता चार तास थांबला होता.

माझा जन्म १९७३ सालचा. आसगावच्या सेवकराम सुताराने मला घडवले. चाकांसाठी त्याने बाभळीचे लाकूड दोन वर्षे सावलीत वाळवून ठेवले होते. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल केली, चाकावर बसवली आणि लगेच पाणी ओतले. लोखंड आवळले आणि सगळे आरे एकमेकांना घट्ट भिडले. सेवकराम म्हणाला, "पंधरा वर्षं हिच्याकडे पाहा लागत नाई."

मला घेणारा बुधराम तुमसरच्या अलीकडे एका बाजारगावी राहत होता. तिथे भातगिरण्या होत्या. बाजारातून गिरणीत धान न्यायचे आणि गिरणीतून स्टेशनवर तांदूळ पोचवायचा, हे आमचे काम. बुधराम कोणाचा नोकर नव्हता. बंडी त्याची, बैल त्याचे. आज या गिरणीची खेप, उद्या त्या गिरणीची. दिवाळीनंतरचे चार महिने काम मिळे, बाकीचे दिवस ज्याचे त्याने निभवायचे. "माह्या बंडीवरलं पोतं कधी फाटलं नाई," असे तो चारचौघांत सांगायचा आणि मी आतून फुलून जायचे.

सहा वर्षांनी बुधराम काविळीने गेला. तेराव्याला नातेवाईक त्याच्या बायकोला, सखाबाईला म्हणाले, बंडी विकून टाक. चौदाव्या दिवशी तिने बैल जुंपले, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि कासरा हातात घेतला. बाईमाणूस बंडी हाकते म्हणून बाजारात लोक हसले. सखाबाईने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. महिनाभरात हसणे थांबले, कारण तिची खेप कधी चुकत नव्हती.

मग १९८२ ची दिवाळी झाली आणि गावात दवंडी पिटली गेली. नगरपालिकेने चाकपट्टी लावली होती. नाल्याच्या पुलावर नाका बसला. ज्या बंडीची चाके पूल ओलांडतील तिने दर खेपेला, दर चाकामागे कर भरायचा. आमचे सगळे बंडीवाले नाल्यापलीकडे राहत होते, त्यामुळे सकाळी रिकाम्या बंड्या घेऊन गावात शिरतानाही कर, आणि संध्याकाळी रिकाम्या परततानाही कर. गिरण्यांच्या ट्रकांना मात्र सूट होती.

नाक्यावर ताराचंद नावाचा कारकून बसे. पहिल्याच सकाळी सखाबाईने त्याला विचारले, "बाबू, बंडी रिकामी हाये. मंग कर कायचा?"

"मालावर नाही बाई, चाकावर कर आहे," ताराचंद म्हणाला. "मी लिहिलेला नाही हा नियम. मी फक्त वसूल करतो."

बंडीवाल्यांनी अर्ज दिला. इश्वर नावाचा बंडीवाला सगळ्यांच्या वतीने अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही मजूर नाही, धंदेवाले आहात, धंदेवाल्याने कर भरावा. इश्वर गिरणीमालकांकडे गेला. ते म्हणाले, बंडीवाले आमचे नोकर नाहीत, आम्ही मध्ये कशाला पडू? ज्या स्वतंत्रपणाचा बुधरामला एवढा अभिमान होता, तोच आता सगळ्यांनी आमच्या अंगावर टाकला.

मग चाळीस बंड्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सोडून दिल्या. काम बंद. आठ दिवस गेले. गिरण्यांनी ट्रक लावले. बैलांची वैरण संपत आली आणि काही जण म्हणू लागले की भरून टाकू कर, काय करता? नवव्या दिवशी सगळे पाळीवर बसले होते, तेव्हा सखाबाई उठली.

"कर चाकावर हाये ना?" ती म्हणाली. "मंग चाकं काढून पूल ओलांडू. चाक नाई तं कर नाई."

कोणी तरी हसले. इश्वर हसला नाही. तो माझ्या आखाशी वाकला, खिळी चाचपल्या आणि म्हणाला, "वयनी, तुमची बंडी पयली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बंड्या पुलाशी आल्या. नाक्यासमोर बैल सोडले. इश्वरने माझ्या आखाच्या खिळी काढल्या, चाके उपसली. मित्रांनो, खरे सांगते, मला फार लाज वाटली. चाकांवाचून बंडी म्हणजे नुसती लाकडे. पण आठ माणसांनी मला खांद्यावर घेतले आणि मी पहिल्यांदाच उंचावरून नाला पाहिला.

ताराचंद उठून पुढे आला. "चाकं घरंगळत नेली तर कर लागेल," तो म्हणाला.

"घरंगळत नाई नेत," सखाबाई म्हणाली. दोघा-दोघांनी एकेक चाक लाकडी बल्लीवर अडकवले आणि उचलले.

"आणि बैल?"

"बैलाले पाय हायेत, बाबू," इश्वर म्हणाला.

ताराचंदने नियमाचा कागद काढला. उभ्याने दोनदा वाचला. मग तो खुर्चीवर बसला आणि हाताने 'जा' अशी खूण केली. त्याच्या मिशीखाली हसू होते, ते मी वरून पाहिले.

चाळीस बंड्या अशा न्यायला चार तास लागले. मागे ट्रक अडले, मोटारी अडल्या. साकोलीची एस.टी. अडली, तिच्यातून लोक उतरले, आधी वैतागले, मग काय चालले आहे ते कळल्यावर त्यांतल्या काहींनी चाकांना खांदा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. तिसऱ्या दिवशी पालिकेचे शिपाई आले आणि रस्ता अडवला म्हणून सर्वांत पुढची बंडी जप्त केली. ती मी होते.

मला पालिकेच्या आवारात टाकले. चौथ्या दिवशी तिथल्या अधिकाऱ्याने सखाबाईला बोलावले. त्याच्या हातात माफीचा कागद होता.

"इथे अंगठा लाव आणि बंडी घेऊन जा," तो म्हणाला. "उगाच दुसऱ्यांच्या नादी लागून पोट मारून घेऊ नकोस."

सखाबाईने कागद वाचून दाखवायला लावला. पुरता ऐकला. मग म्हणाली, "माफी कायची, साहेब? मी तुमचाच नियम पाळला. बंडी राहू द्या तुमच्यापाशी. वाळवीपासून सांभाळजा, इतकंच."

जाताना तिने माझ्या जुवावर हात ठेवला. मला वाटले, लाव गं अंगठा, घेऊन चल मला. पण ती फाटकाबाहेर गेली तेव्हा तिची मान ताठ होती, आणि मला माझ्या मनातल्या त्या विचाराची शरम वाटली.

मी तिथे सात महिने पडून होते. उन्हाळ्यात लाकूड आकसले, धाव सैल झाली. सखाबाई त्या दिवसांत एक दिवसाआड इश्वरची बंडी हाकत होती. अर्धी कमाई त्याने स्वतःहून सोडली होती. पुलावर मात्र, हंगाम सरल्यावर किरकोळ खेपांसाठीही, रोज सकाळी चाके निघतच होती. ट्रक रोज अडत होते, आणि बाजाराच्या बोळांत ते शिरतही नव्हते. शेवटी गिरणीमालकच पालिकेकडे धावले. जूनच्या सभेत चाकपट्टी रद्द झाली. सखाबाईने मला नेले ते अंगठा न लावता. आवाराच्या फाटकाशी चाळीस बंडीवाले उभे होते. नोकरीतून सुटलेला ताराचंदही होता. नाकाच उठल्यावर त्याचे कामही उठले होते. "बाबू, घरी जेवाले या," सखाबाई त्याला म्हणाली.

पुढे ट्रॅक्टर आले, बोळ रुंद झाले, बंड्यांच्या खेपा कमी झाल्या. कर हरला, पण काळ नाही. मी कडुलिंबाखाली उभी राहू लागले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या.

गेल्या वर्षी, म्हणजे १९८८ मध्ये, हायवेवरच्या एका धाब्याचा मालक आला. मला लाल-पिवळा रंग द्यायचा, वर फुलांच्या कुंड्या मांडायच्या आणि दारात उभी करायची, असा त्याचा बेत होता. सखाबाईचे केस आता पांढरे झाले आहेत. तिने त्याला पाणी दिले आणि नाही म्हणून सांगितले. "थे उभी राहाले नाई बनली," ती म्हणाली. आठवड्यातून एकदा ती अजून मला जुंपते, कधी सरपणासाठी, कधी नुसतीच.

मित्रांनो, तुमच्याही अंगणात माझ्यासारखी एखादी असेल. तिची दया करू नका, तिला रंग लावू नका. आखाला तेल घाला, धाव आवळून घ्या, बैल जुंपा आणि तिला रस्त्यावर काढा. मागून मोटारीने भोंगा वाजवला तर वाजू द्या. रस्ता आमचाही आहे.