पडद्यावरची प्रार्थना

फेब्रुवारी, म्हणजे काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना, आला की माउंट नेबो चर्चमध्ये दर शनिवारी दुपारी एक माहितीपट दाखवायचे. हक्कांच्या लढ्याचे, न्यायाचे, सगळे बघण्यासारखेच. पण लुव्हीनिया टार्व्हरला दर वर्षी तोच राग यायचा. तेच पोलिसांनी अंगावर सोडलेले कुत्रे, तेच पाण्याचे फवारे आणि टाय लावलेले तेच मोठमोठे पुरुष! "अरे, त्या पुरुषांना खाऊ कोण घालत होतं? ते दाखवा की मेल्यांनो एकदा!" असं ती भर चर्चमध्ये म्हणायची आणि बायका "आमेन, मिस लुव्ही!" करून खिदळायच्या.

यंदा शेवटच्या शनिवारचा माहितीपट गावाचाच होता. अलाबामातल्या या एवढ्याशा गावावर कोण कशाला माहितीपट करतंय? पण गावच्याच शनीसने केला. ही शनीस लुव्हीनियाच्या रविवारच्या वर्गात बायबल शिकलेली, तिच्या ओट्याशी उभी राहून गरम मक्याचा पाव खाल्लेली. पोरी, नाव काढलंस हो, म्हणत ब्याऐंशी वर्षांची लुव्हीनिया जांभळी हॅट घालून पहिल्या रांगेत बसली. शेजारी तिचा धाकटा भाऊ इझेल. चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन मंडळींचा प्रमुख, गावात त्याच्या शब्दाला मान. पलीकडच्या बाकावर म्हातारी व्हर्डेल एकटी बसली होती. तिच्या बाकावर तसंही कोणी बसत नसे.

माहितीपट सुरू झाला आणि लुव्हीनिया खूश झाली. पहिल्याच दृश्यात या चर्चचं स्वयंपाकघर, कोंबडी तळणाऱ्या बायका, आणि त्यांत बावीस वर्षांची ती स्वतः! "बघ, बघ, कंबर कशी होती माझी," तिने इझेलला कोपराने ढोसलं.

मग एकोणीसशे पासष्ट साल आलं. गावातल्या अकरा घरांनी मतदार यादीत नाव घालायला कचेरीत जायचं ठरवलं होतं. गोष्ट चर्चच्या चार भिंतींबाहेर गेली नव्हती. तरीही ती अकरा नावं गोऱ्या जमीनमालकांना आधीच कळली आणि आठवड्याभरात त्यांच्या जमिनी कसणारी ती अकराच्या अकरा घरं तिथून हाकलली गेली. हिवाळाभर ती माणसं रस्त्याकडेला तंबूत राहिली. नावं कोणी फोडली? गावाने बोट ठेवलं क्लेटसवर, व्हर्डेलच्या नवऱ्यावर. तो बैठकांना असायचा, पण मोटारी दुरुस्त करणारा, स्वतःच्या घरात राहणारा माणूस. त्याचं घर तेवढं शाबूत राहिलं, म्हणजे तोच घरभेदी! पुढे त्याच्याकडे कोणी गाडी नेली नाही. तो गेला तेव्हा शवपेटी उचलायला चर्चमधली सहा माणसं मिळेनात. अंत्यविधीचं काम घेणाऱ्या दुकानवाल्याने पैसे देऊन परकी माणसं आणली.

हे सगळं पडद्यावर आलं. लुव्हीनिया हॅटची कड ओढत बसली. आणि मग पडद्यावर आलं तिचं स्वयंपाकघर.

लुव्हीनियाच्या घरून पाहुणा प्रार्थनेशिवाय जात नसे. हात धरायचे, डोळे मिटायचे आणि मनात असेल ते देवापुढे मोठ्याने बोलायचं. तिच्या आईची रीत ती, आणि आजीचीही. त्या दिवशी तीन तास मुलाखत झाली, शनीसने कागद पिशवीत भरले, "झालं आपलं" म्हणाली. लुव्हीनियाने तिचे हात हातात घेतले आणि डोळे मिटले. प्रार्थना सुरू झाली म्हणजे माणसांशी बोलणं संपलं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. समोर कॅमेरा उभा आहे, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पडद्यावरची लुव्हीनिया म्हणत होती, "बापा, साठ वर्षं झाली. ती अकरा नावं माझ्या इझेलने दिली. जमीनमालकाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी त्याचे शर्ट इस्त्री करत होते. एकेक नाव मी या कानांनी ऐकलं. एकोणीस वर्षांचा होता रे तो, मालकाच्या ट्रकवरची नोकरी जाईल म्हणून घाबरला. मी आईला सांगितलं, तर तिने मलाच गप्प राहायची शपथ घातली. क्लेटसचं वाटोळं झालं आणि मी तोंड शिवून बसले. इझेलला क्षमा कर, बापा. मलाही कर."

 एकाने धडपडत दिवे लावले.  लुव्हीनिया काठी टेकत प्रोजेक्टरशी उभ्या असलेल्या शनीसपुढे गेली.

"काय केलंस गं हे? मी देवाशी बोलत होते!"

"मिस लुव्ही..."

"हात धरला होतास माझा! आमेनसुद्धा म्हणालीस! केसाने गळा कापलास की गं माझा. विचारायचं तरी होतंस एका शब्दाने!"

शनीसचे डोळे भरले होते, पण तिने मान खाली घातली नाही. "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"नाहीच म्हणाले असते!"

"म्हणून नाही विचारलं."

पोटच्या पोरीसारखी मानलेली पोर, आणि हे उत्तर! लुव्हीनियाला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तेवढ्यात मागे इझेल उभा राहिला. लुव्हीनियाला वाटलं, आता तो बोलेल. रडेल, गुडघे टेकेल, काही का असेना, पण मोकळा होईल बिचारा. तिला त्याची दया आली.

इझेलने कोटाची बटणं लावली. "मंडळी," तो म्हणाला, "माझ्या बहिणीचं वय झालंय. घरातलं घरातच ठेवलं होतं मी, पण आता सांगतो. तिचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. परवा मला आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारली. तिचं काय मनावर घ्यायचं? नावं कोणी फोडली ते गावाला साठ वर्षांपूर्वीच कळलं होतं."

दोघातिघांनी माना डोलावल्या. लुव्हीनिया त्याच्याकडे बघतच राहिली. ज्याच्यासाठी तिने जन्मभर हे जहर पोटात ठेवलं, त्याने तिला चारचौघांत वेडी ठरवलं होतं, तेही आवाज न चढवता.

"इझेल," ती म्हणाली, "मला पाहिजे ते म्हण. पण त्या मेलेल्या माणसाच्या डोक्यावर पुन्हा टाकू नकोस."

"घरी चल, लुव्ही."

"नाही येत. माझं डोकं चांगलं ठिकाणावर आहे, ऐका सगळे! नावं याने दिली. पहिलं नाव पर्किन्सांचं, शेवटचं मोझलींचं. आणि नावं देऊन बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, आईला सांगू नकोस."

इझेल खाली बसला. कोणी त्याच्याकडे गेलं नाही.

व्हर्डेल उठली. लुव्हीनिया तिच्याकडे वळली. तिचे हात आपोआप पुढे झाले. सगळ्यांनी तिचा विश्वास पायदळी तुडवला होता. या एका बाईचं देणं तरी आज आपण देऊन टाकलं, असं तिला वाटत होतं.

व्हर्डेलने त्या हातांकडे पाहिलं, पण धरले नाहीत.

"आज बोललीस तू, लुव्ही," ती म्हणाली. "का बोललीस? तर त्याने तुला वेडी ठरवलं म्हणून. माझ्या क्लेटसला अख्ख्या गावाने हरामखोर ठरवलं, तेव्हा कुठे गेली होती तुझी जीभ?"

 व्हर्डेलने पर्स उचलली आणि शनीसला म्हणाली, "चल पोरी, मला घरी सोड."