बोलून दिलेलं माप

आमच्या कारखान्यात कृत्रिम पाय तयार होतात. माप घेतो टेप, पाय बनवतो मी. टेप हे त्याचं खरं नाव नव्हे, पण गळ्यातली मोजपट्टी तो जेवतानाही काढत नाही, म्हणून त्याची बायकोसुद्धा त्याला तेच म्हणते. वीस वर्षं आमची एक पद्धत होती. माप तो चिठ्ठीवर सेंटिमीटरमध्ये लिहून खाली सही करायचाच, शिवाय टेबलापलीकडून मोठ्यानं बोलायचा आणि मी ते परत बोलून दाखवायचो. "चव्वेचाळीस." "चव्वेचाळीस." नवे लोक हसायचे. वीस वर्षांत आमचा एकही पाय परत आला नव्हता, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार?

मग नवे साहेब आले. त्यांनी भिंतीवर फळा लावला. आठवड्याला किती पाय झाले आणि चूक कोणाची, हे सगळ्यांना दिसेल असं. घाई सुरू झाली आणि घाईत एक पाय परत आला. साहेबांनी दरडावून विचारलं, तेव्हा टेपनं माझ्याकडे बोट दाखवलं. घाबरला असेल बिचारा. मी समजून घ्यायला हवं होतं, पण माझ्या नाकावर राग.

आठ महिने आम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून समोरासमोर बसलो. नुसत्या चिठ्ठ्या सरकायच्या. माझ्या हातातली सफाई गेली. कानस चालवताना मी मनात त्याच्याशीच भांडत असायचो. त्याचंही लक्ष उडालं होतं. फळ्यावर आम्हा दोघांच्याही नावापुढे लाल रेघा वाढल्या. पुढची चूक ज्याची, तो घरी बसेल, असं साहेबांनी सांगून टाकलं.

अशात एक नर्सताई आल्या. अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. सोमवारी त्यांना हॉस्पिटलात कुबड्यांशिवाय वॉर्डभर चालून दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी राहणार, नाहीतर गेली. टेपनं चिठ्ठी सरकवली: एकेचाळीस. ताई समोरच बाकावर बसल्या होत्या. त्यांचा चांगला पाय नुसता बघूनच मला कळलं, त्रेचाळीस. एका शब्दाचं काम होतं. सही त्याची आहे, भोगू दे त्याला, असं मी मनात म्हणालो आणि चिठ्ठीबरहुकूम पाय बनवला.

शुक्रवारी टेपनं तो बसवला. ताईंच्या कमरेवर हात ठेवून दोन्ही बाजू एका पातळीत आहेत का, ते त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मला आधीच कळलं होतं, हे त्याला कळलं. नवा पाय बनवायला चार दिवस लागतात, आणि चूक तर त्याच्या सहीची.

"सवय होईल, ताई," तो म्हणाला.

दुसऱ्याला अपशकुन करायला लोक आपलं नाक कापून घेतात. आम्ही तिसरीचंच कापलं.

मंगळवारी ताई कुबड्यांवर आल्या. वॉर्डात दोनदा पडल्या होत्या. पाय त्यांनी पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"ठेवून घ्या. घरात डोळ्यांसमोर नको," त्या म्हणाल्या. "तुमच्या कामात काही खोट नाही हो. मलाच नाही जमलं. इतकी वर्षं पेशंटना सांगत आले, मनात आणलं की चालता येतं म्हणून."

टेप गळ्यातली पट्टी बोटाला गुंडाळत राहिला. मी कानशीवरची पूड झटकत राहिलो. माझी मलाच किळस आली. ताई आमचे आभार मानून गेल्या.

दार लागल्यावर मी म्हणालो, "त्रेचाळीस."

टेबलापलीकडून आवाज आला. "त्रेचाळीस."

जिन्यावरून कुबड्या एकेक पायरी उतरत होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आम्ही दोघांनी फळ्याकडे बघितलं आणि कोणीच उठलं नाही.