टाइमची वाक्यं आणि माझी पॅन्ट

आमच्या शिंप्याला सगळे मंगळवारमास्तर म्हणतात. कापड कधीही टाका, तो "येत्या मंगळवारी" म्हणतो. कुठल्या मंगळवारी, असं विचारणारं गिऱ्हाईक नवखं समजावं.

त्या शुक्रवारी दुपारी बाराला माझ्या मुलीचं नोंदणी कचेरीत लग्न होतं. मी मुलीचा बाप आणि शिवाय साक्षीदार. बाराचा नंबर हुकला तर पुढचा नंबर महिन्याभरानं, आणि जावयाला रविवारी परगावी नोकरीवर हजर व्हायचं होतं. सकाळी मुलीनं बजावलं, "बाबा, तुमच्या सहीवाचून गाडी अडेल हं."

"अगं, आलोच. पॅन्टचा बॉटम दोन बोटं वर घ्यायचाय. पाच मिनिटांचं काम."

शहाणी माणसं अशीच फसतात.

मी नवी पॅन्ट घालूनच दुकानात गेलो होतो. मास्तरनं ती उतरवून घेतली आणि कमरेला गुंडाळायला एक टॉवेल दिला. मग माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "कोटही बगलेत जरा ढगळ आहे. आलाच आहात तर घेऊन टाकू." मी नको म्हणेपर्यंत छातीपासून बगलेपर्यंत टाचण्या लागल्या होत्या. हात खाली केला की टोचायचं. शेतातल्या बुजगावण्यासारखा हात पसरून मी आरशासमोरच्या स्टुलावर उभा राहिलो. फरक एवढाच, की बुजगावण्याला पॅन्ट असते.

मास्तर मशीनवर बसला, पण पाय काही पायट्यावर हलेना.

"साहेब, आज आपला इंटरव्ह्यू आहे. फोनवर. प्रवासी बोटीवर शिंपी पाहिजे. पण इंग्रजी बोलता आलं पाहिजे. क्लासचे सर म्हणाले, एक शब्द पक्का करा, त्यावर दुनिया फिराल. मी टाइम पक्का केलाय."

"सबंध गावाचा टाइम खाऊन झाला," कोपऱ्यात काजं करत बसलेल्या वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, म्हणाल्या, "आता बोटीवरच्यांचा राहिलाय."

"तू गप. साहेब, हे ऐका. टेक युअर टाइम. म्हणजे सावकाश होऊ द्या. बरोबर?"

"बरोबर. पण मला सावकाश चालणार नाही. बाराला लग्न आहे."

"असतंच साहेब," मास्तर मायेनं म्हणाला. "प्रत्येकाचं असतं. परवा एकानं सख्ख्या भावाचं लग्न सांगून सफारी नेली आणि तीच घालून बाजारात भाजी घेत होता."

हा त्याच्या धंद्यातला पक्का नियम होता. घाईतलं गिऱ्हाईक लग्नच सांगतं, तेव्हा लग्न सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. मी मनात म्हटलं, याला याच्याच औषधानं हलवू.

"मास्तर, देअर इज नो टाइम!"

"वा!" त्यानं हातातली पॅन्ट मांडीवर ठेवली. "काय उच्चार! पुन्हा म्हणा."

"आय ॲम रनिंग आउट ऑफ टाइम!"

"हे सरांनी नाही शिकवलं. याचा अर्थ?"

"वेळ संपत आली, मी मेलो, पॅन्ट दे."

"एवढं सगळं त्या एका वाक्यात? जबरदस्त भाषा आहे साहेब." आणि डोळे मिटून तो वाक्य घोकू लागला.

मी जे जे ओरडलो, ते ते धडा झालं. तळमळून म्हटलं तर म्हणाला, भाव छान आला. चिडून म्हटलं तर म्हणाला, जरा हळू, शब्द कळू द्या. बाहेर रस्त्यावर माणसं दोन दोन पायांत पॅन्ट घालून निवांत चालली होती. मी गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या फळीकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाची तरी घालावी आणि पळावं. पण त्याही मंगळवारच्याच. एकीला चेन नव्हती, दुसरीला कंबर.

तेवढ्यात माझा फोन वाजला. तो पॅन्टच्या खिशात, आणि पॅन्ट मास्तरच्या मांडीवर. मी स्टुलावरून उतरायला गेलो तर बगलेत दोन टाचण्या एकदम घुसल्या. मास्तरनं फोन काढला, पडद्यावर 'मुलगी' वाचलं, घसा साफ केला आणि सरावाची संधी साधली.

"हॅलो! युअर फादर इज हॅविंग अ गुड टाइम!"

पलीकडून माझ्या मुलीचा आवाज मला स्टुलावर ऐकू आला.

"कोण बोलतंय? बाबा कुठे आहेत? काका, इथले कचेरीतले साहेब फाइल उघडून बसलेत हो. आम्ही सगळे खोळंबलोय. बाबा आले नाहीत तर आज माझं लग्न नाही व्हायचं." आणि मग नुसता नाक ओढल्याचा आवाज.

मास्तरनं फोन खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या टॉवेलकडे पाहिलं.

"खरंच लग्न आहे?"

"मगापासून काय सांगतोय मी?"

"साहेब, लग्नाचं एवढं खरं कुणी सांगत नाही हो!"

आणि मशीन सुरू झालं. वहिनींनी हातातलं काज टाकून दुसरा बॉटम धरला. खोलीत नुसती खडखड. एक पाय शिवून झाला, दुसरा मशीनखाली गेला, आणि मास्तरचा स्वतःचा फोन वाजला.

तिघंही थिजलो. मास्तरनं ओठांतल्या टाचण्या तळहातावर काढल्या आणि फोनचा स्पीकर लावला. एका बाईंचा गोड आवाज आला. त्यांनी विचारलं, "इज धिस अ गुड टाइम टु टॉक?"

हे वाक्य त्याला येत होतं. उत्तरही येत होतं, "येस मॅडम, एनी टाइम." महिनाभर आरशासमोर पाठ केलं होतं. वहिनींनी डोळ्यांनीच म्हटलं, बोला ना. मी डोळे मिटून घेतले. आता बोटीवर चढेल हा, आणि मी इथेच, अर्ध्या पॅन्टचा बाप.

"नो, मॅडम," मास्तर म्हणाला. "नो टाइम. साहेब रनिंग आउट ऑफ टाइम. डॉटर वेडिंग. साहेब नो पॅन्ट."

मग बाईंनी विचारलं, पुन्हा कधी फोन करू?

मास्तरला विचार करावा लागला नाही.

"ट्यूजडे."

मी पोहोचलो तेव्हा कचेरीतले साहेब फाइल बंद करत होते. पॅन्ट गरम होती, कोट टाचण्यांसकट अंगावर होता. सही केली ती कोपर न हलवता. मुलगी "बाबा!" म्हणत गळ्यात पडली आणि दोघंही एकदमच किंचाळलो. साहेबांनी विचारलं, जबरदस्ती तर नाही ना?

कोट त्याच संध्याकाळी मास्तरकडे परत दिला. मंगळवारी आणायला गेलो. दुकानाचं दार आतून बंद, आणि पायरीवर वहिनी काजं करत बसलेल्या.

"आत बोलणं चाललंय," त्या कुजबुजल्या. "तासभर झाला. ती बाई सोडतच नाही ह्यांना."

दाराच्या फटीतून आवाज आला, शांत, भारदस्त. "टेक युअर टाइम, मॅडम."

मी वहिनींशेजारी पायरीवर बसलो.