सर्वांत थोर कॅनडी

ज्या देशातला एकही थोर माणूस आपल्याला सांगता येत नाही, त्या देशात जाऊन राहायचं तरी कसं, हा प्रश्न मनोहरला शनिवारी दुपारी पडला. पाहुणे जेवायला बसले होते, आणि रविवारी सकाळी त्याच देशाच्या सीमेवर सहकुटुंब हजर व्हायचं होतं.

त्याच्या बायकोने, देवयानीने, भरल्या वांग्यांचं भांडं टेबलावर जरा जोरातच ठेवलं.

अमेरिकेतल्या त्यांच्या बेलव्ह्यू गावात केबलवर शेजारच्या कॅनडाचं एक चॅनल दिसे. त्या नोव्हेंबरात त्यावर 'सर्वांत थोर कॅनडियन कोण' यासाठी मतदान चाललं होतं. कॅनडाच्या लोकांनी मतं द्यायची होती; पण जेवायला आलेला अंकुर पुण्याचा होता, त्यामुळे स्वतःला मत नाही या कारणाने तो गप्प बसणं शक्य नव्हतं.

"ग्रेटेस्ट कॅनडियन? सिंपल आहे यार. ग्रेट्झकी. हॉकीतला देव."

"कॅनडियन नाही, कॅनडी," मनोहर म्हणाला. तो मराठी मंडळाचा सांस्कृतिक सचिव होता आणि घरात शक्य तिथे शुद्ध मराठीच चालावं असा त्याचा दंडक होता. शब्द नसला की तो करायचा. ईमेलला त्याने विद्युतपत्र केलं होतं. एच-फोर व्हिसावर देवयानीच्या नावापुढे 'डिपेंडंट' लागलं, त्याचं त्याने पहिल्याच आठवड्यात 'अवलंबित' केलं आणि वर तिला विचारलं होतं, "छान वाटतो ना शब्द?"

देवयानी नागपूरची आर्किटेक्ट. लग्नाआधी तिने सिव्हिल लाइन्समध्ये एका बँकेची इमारत उभी केली होती. अमेरिकेत अवलंबिताला नोकरीची परवानगी नसल्यामुळे इथे तिने उभी केली ती फक्त मंडळाच्या गणपतीची थर्मोकोलची मखरं. मनोहरच्या ग्रीन कार्डाची रांग जागची हलेना, तेव्हा तिने कॅनडाचा अर्ज भरला. गुण तिचे जास्त भरत होते म्हणून मुख्य अर्जदार तीच. व्हिसा आला. आता ठरलेल्या तारखेच्या आत एकदा तिथे जाऊन शिक्का तेवढा मारून घ्यायचा होता; त्याला 'लँडिंग' म्हणत. वाट अडीच तासांची. पण एका रविवारी मंडळाची दिवाळी निघाली, दुसऱ्या रविवारी मनोहरच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज निघाला, तिसऱ्या रविवारी गाडीचं ऑइल बदलायचं राहिलं होतं. उद्याचा रविवार शेवटचा.

"आणि अप्पांचं काय?" मनोहर हळूच म्हणायचा. हा त्याचा हुकमी एक्का.

अप्पा म्हणजे त्याचे वडील जगन्नाथराव. बेळगावचे, मराठी शाळेतले निवृत्त शिक्षक, सीमालढ्यात जेलमध्ये जाऊन आलेले. 'अप्पा' हा शब्द मुळात कानडी, पण तो विषय घरात कोणी काढत नसे. ते ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी आले. पहिल्याच आठवड्यात मनोहरने त्यांना बेत सांगितला, तेव्हा ते ताटावरून उठले होते. "माझ्या डोळ्यांदेखत नको," एवढंच म्हणाले. तेव्हापासून हा विषय निघाला की ते गॅलरीत जाऊन बसत. म्हाताऱ्या माणसाने एका अख्ख्या देशावर एवढं काय धरून ठेवावं, हे देवयानीला काही केल्या कळत नव्हतं.

आज मात्र ते टेबलाशीच बसले होते. गॅलरीत पाऊस येत होता.

"टेलिफोनवाला बेल," अंकुरची बायको लतिका म्हणाली. "तो पण लिस्टमध्ये आहे."

"बेल कुठला कॅनडियन? जन्मला स्कॉटलंडात, काम केलं अमेरिकेत."

"मग कॅनडात काय करत होता?"

"व्हिसाच्या स्टॅम्पिंगला गेला असेल," अंकुर म्हणाला आणि स्वतःच हसला.

"हसू नका. ज्यांचा थोर माणूससुद्धा उसना—" मनोहरने घास हवेत धरला.

"मग बँटिंग घे," लतिका म्हणाली. "इन्सुलिन शोधलं त्याने. माझी आई त्याच्यावर जगतेय."

"एकट्याने नाही शोधलं. ते पण वादग्रस्त आहे."

"टेरी फॉक्स!" आठ वर्षांची इशिता लोणचं बाजूला सारत म्हणाली. "वुई डिड हिम इन स्कूल. ही रॅन ऑन वन लेग, बाबा. फॉर कॅन्सर."

"मराठीत, इशू."

"वन लेग," इशिता म्हणाली.

"पण तो पोचला का?" मनोहरने विचारलं. "अर्ध्यात थांबला. मी त्याच्या विरोधात नाही. पण विचार करा, हा राष्ट्राचा आदर्श?"

देवयानीने पोळ्यांचा डबा उघडला आणि मिटला. "बाप्पा रे! तो एका पायावर अर्धा देश पळाला. तुला दोन पाय आहेत, शिवाय गाडी आहे, आणि अजून आपण पार्किंग लॉटच्या बाहेर नाही पडलो."

"अगं, हा तात्त्विक मुद्दा आहे."

"तात्त्विक मुद्द्याला पोळी वाढू का अजून?"

अंकुर मध्ये पडला. "वहिनी, त्याचं पण बरोबर आहे. आपण अमेरिकेत आलो तेव्हा आपल्याला दहा नावं तरी येत होती."

"तू आलास तेव्हा तुला सिनेमातली दहा नावं येत होती. त्यातला एक रोबो होता."

वाद पेटत गेला. सगळ्यांना फुकट डॉक्टर मिळवून देणारा तो पुढारी, त्याचं नाव कोणालाच आठवेना; मनोहरच्या मते हाच पुरावा होता. लतिकाने एका गायिकेचं नाव घेतलं, ते अंकुरने उडवून लावलं, त्यावरून त्या दोघांचं स्वतंत्र भांडण सुरू झालं. श्रीखंड आलं आणि संपलं. देवयानीला दिसत होतं ते असं: चार वाजतील, मग चहा, मग चर्चेचा समारोप सचिवांच्या हस्ते, मग 'आज उशीर झाला, पहाटे उठणं होणार नाही'. तिने मुद्दाम गाडीची किल्ली आणून टेबलाच्या मधोमध, वांग्यांशेजारी ठेवली. मनोहरने ती बाजूला सरकवून मीठ घेतलं.

"अप्पा, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. वडिलांचा विरोध चारचौघांत एकदा नोंदवला गेला की काम झालं, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. "तुमच्या मते सर्वांत थोर कॅनडी कोण? आहे का कोणी?"

अप्पांनी ताटात हात धुतला.

"आहे की," ते म्हणाले. "हुक्केरी."

अंकुरने लतिकाकडे पाहिलं.

"मला त्या लोकांबद्दल चांगलं बोलायची सवय नाही. पण विचारलास म्हणून सांगतो. हुक्केरी जेलर. आम्ही साठ जण आत होतो. रोज सकाळी त्याच्या नावाने मुर्दाबाद करायचो. तो यायचा आणि म्हणायचा, घोषणा द्या की हो, पण जेवून द्या, उपाशी आवाज लागत नाही. सुटलो त्या दिवशी फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, तुमचं मराठी ऐकून माझं सुधारलं. असा माणूस. थोर कानडी म्हणशील तर तोच."

"काका," अंकुर बिचकत म्हणाला, "हे हुक्केरी कॅनडात कुठे होते?"

"कॅनडात कशाला जाईल तो? आमच्या बेळगावला, हिंडलग्याच्या जेलात होता."

देवयानीच्या हातातला चमचा थांबला. "अप्पा, आम्ही उद्या कुठे चाललोय असं वाटतं तुम्हाला?"

"बेंगलोरला," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला. "मला काय कळत नाही? हा म्हणाला, आम्ही कायमचे कानडी होणार. थंड हवा, कॉम्प्युटरच्या नोकऱ्या, आपली माणसं पुष्कळ. उद्या लँडिंग आहे म्हणे. आयुष्यभर मी बेळगावात राहून कानडी झालो नाही, आणि हा अमेरिकेतून जाऊन होणार! नातीची शाळेतली पहिली भाषा कुठली असेल, याचा विचार करून मला झोप लागत नाही."

"लँग्वेज इज इंग्लिश, आबा," इशिता म्हणाली. "अँड फ्रेंच."

"फ्रेंच?"

"कॅनडा, अप्पा," देवयानी म्हणाली. "देश आहे. इथून उत्तरेला. कानड्यांचा काही संबंध नाही."

अप्पांनी हे दोनदा मनात फिरवून पाहिलं. मग ते इतक्या मोकळेपणी हसले की इशिता घाबरून आईकडे सरकली. "अरे मग जा की! मी कशाला अडवू? मला हरकत कानड्यांची. फ्रेंचांशी आपलं काही नाही."

लतिका हसत सुटली, अंकुरने टेबल बडवलं. हसला नाही तो फक्त मनोहर. तो श्रीखंडाच्या रिकाम्या वाटीत बघत होता. देवयानीने चौदा वर्षांच्या संसारात हा चेहरा पाहिलेला होता: मंडळाचा स्पीकर हरवला तेव्हाचा, जो नंतर यांच्याच डिकीत सापडला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"अप्पांना बेंगलोर वाटतंय, हे."

"म्हणजे... गेल्या महिन्यात एकदा ते म्हणाले की तिकडे इडली चांगली मिळते. तेव्हा जरा शंका आली."

"आणि?"

"आणि म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला कन्फ्यूज करा."

शुद्ध मराठीच्या घरात 'कन्फ्यूज' हा शब्द आला, हे मनोहरच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही. देवयानीने किल्ली उचलली. तिला ओरडायचं होतं. पण ओरडलं असतं तर त्यावर चर्चा झाली असती.

"सकाळी सातला गाडी निघते," ती म्हणाली. "मुख्य अर्जदार मी आहे. इशिता माझ्याबरोबर येतेय. बाकी ज्याला यायचं असेल, त्याने गाडीत बसावं."

"अगं, पण थोर माणसाचा निकाल अजून—"

"हुक्केरी," देवयानी म्हणाली. "लागला निकाल. चहा कोणकोण घेणार?"

सकाळी मनोहर गाडीत बसला होता. मागच्या सीटवर, इशिताच्या बाजूला, कारण पुढच्या सीटवर फायली होत्या. अप्पांनी दारातून हात केला आणि ओरडून सांगितलं, "फ्रेंचांना माझा नमस्कार सांगा!" शेजारच्या बाईने पडदा बाजूला करून पाहिलं.

सीमेच्या थोडं अलीकडे बेलिंगहॅम गाव लागलं. तिथे पाटी पाहून मनोहर म्हणाला, "बेलच्या बाबतीत तसं पाहिलं तर—" देवयानीने वायपरचा वेग वाढवला. ते खडखडत होते, आणि तिला ते बरं वाटलं.

सीमेवरच्या इमिग्रेशन ऑफिसात काउंटरपलीकडे एक तरुण अधिकारी होता. नखं कुरतडलेली, टाय किंचित वाकडा. थोर वगैरे काही वाटत नव्हता. त्याने पासपोर्ट चाळले आणि इंग्रजीत विचारलं, मुख्य अर्जदार कोण?

"मी," देवयानी म्हणाली.

तो तिच्याकडे बघून हसला, व्यवसाय विचारला, आणि तिने 'आर्किटेक्ट' म्हटल्यावर ते लिहून घेतलं. कोणी हे लिहून घेतल्याला इतका काळ लोटला होता की ती त्याच्या पेनकडे बघत राहिली.

"आणि तुम्ही, सर?"

मनोहरने घसा साफ केला. एकदा इशिताकडे पाहिलं, एकदा छताकडे. सांस्कृतिक सचिवाला शब्द माहीत होता. त्यानेच तर तो केला होता. पण समोरच्या माणसाला मराठी येत नव्हतं.

"डिपेंडंट," तो म्हणाला.

"छान वाटतो ना शब्द?" देवयानीने विचारलं.