सिकरूमचं ब्लँकेट

“ब्लँकेट काय उंदरांनी खाल्लं?” काटुंबीबाई रजिस्टरात नाक खुपसून पुटपुटल्या. “का उठून आपल्या पायांनी किटुईच्या बाजाराला गेलं?”

मुलींच्या एका वसतिशाळेच्या त्या मेट्रन; आजारी मुलींची खोली, सिकरूम, त्यांच्याच ताब्यात असायची. टेबलाच्या अलीकडच्या बाकावर मुथेऊ आणि तिची आई बसल्या होत्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. सिकरूमचं एक ब्लँकेट दोन वर्षांपासून मुथेऊच्या नावावर बाकी होतं. आईच्या मांडीवर अर्धी विणलेली पिशवी होती. घायपाताचा दोरा तिच्या बोटांतून आपसूक पुढं सरकत होता. ही बाई चालताना विणायची, चर्चमध्ये विणायची. सासूच्या मयतीला बसल्या बसल्या तिनं एक अख्खी कड पुरी केली होती म्हणे.

“नवीन आणलंय ना, मेट्रनबाई.” आईनं प्लास्टिकमधलं गुलाबी फुलांचं ब्लँकेट पुढं सरकवलं. “त्याच्यापेक्षा जाड आहे. हात तर लावून बघा.”

“शाळेचं करडं असतं. लाल काठाचं.” बाईंनी हात मात्र लावून बघितला. “हे काय नवरीला द्यायचं आहे?”

“मुलींना आवडेल.”

“मुलींना आवडायला लागली तर सिकरूम कसली ती? गणिताच्या तासाला अख्खा वर्ग इथं येऊन झोपेल.”

आई हसली, गरजेपेक्षा जरा जास्तच. टेबलाच्या कोपऱ्यावर तिनं सकाळीच आणून ठेवलेली भेट होती, तिच्या हातची विणलेली पिशवी, तांबड्या-काळ्या पट्ट्यांची, दोन्ही बंद घट्ट गाठींनी बसवलेले. काटुंबीबाईंनी ‘कशाला, कशाला’ म्हणत ती लगेच आपल्याकडं ओढून घेतली होती. बाई तशा दुष्ट नव्हत्या. गळ्यात स्टेथोस्कोप दागिन्यासारखा मिरवायच्या आणि दातदुखीपासून प्रेमभंगापर्यंत त्याच दोन पांढऱ्या गोळ्या द्यायच्या, एवढंच.

मुथेऊनं फॉर्म पुढं केला. एल्डोरेटच्या विद्यापीठाचा, तब्येतीचा. पहिली दोन पानं तिनं स्वतः भरली होती. अक्षर थरथरलेलं होतं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा पेपरही तिनं असाच लिहिला होता, डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरत. इस्पितळानं लावून दिलेल्या रोजच्या गोळ्यांनी हात थरथरायचा; गोळ्या बंद केल्या की हात थांबायचा आणि डोकं धावायला लागायचं. तिनं हात थरथरू दिला. बी-प्लस मिळवला. संख्याशास्त्राला नंबर लागला. सोमवारी हजर व्हायचं होतं.

तिसरं पान शाळेच्या मेट्रननं रजिस्टर बघून भरायचं होतं. ‘पूर्वीचे आजार.’ खाली पालकाची सही. विद्यापीठाचा दवाखाना या पानावरच चालणार होता. त्यावर मलेरिया लिहिला तर दर महिन्याला गोळ्या मागायला जाणाऱ्या पोरीला ते मच्छरदाणी देऊन परत पाठवणार.

“हं, सापडलं.” बाईंनी रजिस्टरावर बोट ठेवलं. “मलेरिया. डोक्यात चढलेला. आई येऊन घरी घेऊन गेली.”

“तोच,” आई म्हणाली. “काय तो ताप, देवा! हिला तर काहीच आठवत नाही. हो ना गं?”

“नाही आठवत,” मुथेऊ म्हणाली.

दोन वर्षं ती हेच म्हणत आली होती. इस्पितळातून परतल्यावर आईनं पहिलं ‘काही आठवतंय का’ हेच विचारलं होतं, पाण्याचा पेला पुढं करत, भलतीकडं बघत. ‘नाही’ ऐकल्यावर आईचे खांदे खाली आले होते. मग त्या ‘नाही’वर आईनं सावकाश एक गोष्ट विणून काढली. पोरीला मलेरिया झाला. शाळेत नीट बघितलं नाही. मनगटावरचे वळ? ते त्या मेट्रननं बांधून घातलं तिला, गुरासारखं. मावशीला हेच सांगितलं, पाद्रीबाबांना हेच, विहिरीवर हेच. मुथेऊनं ऐकून घेतलं. एका मनगटावर घड्याळ बांधलं, दुसऱ्यावर मण्यांचं रुंद कडं चढवलं, आणि अभ्यासाला बसली.

काटुंबीबाईंनी पेनाचं टोपण काढलं. “लिहिते मलेरिया. ब्लँकेटचंही मिटवून टाकू. गुलाबी तर गुलाबी.”

“देव भलं करो तुमचं,” आई म्हणाली. “ऊठ गं, बाईंना थँक्यू म्हण.”

मुथेऊ उठली नाही.

“मेट्रनबाई, मलेरियात माणसाला बांधतात का हो?”

आईच्या बोटांतला दोरा थांबला.

“नवीन ब्लँकेट नको. मी शाळेचंच आणलंय.” पायाशी ठेवलेली थैली तिनं वर घेतली. सकाळपासून ती तिनं आईला उचलू दिली नव्हती. तिच्यावर इस्पितळाचा शिक्का होता. भरती होताना अंगावर असलेलं सगळं नर्सनं त्यात घालून दिलं होतं. दोन वर्षं ती मुथेऊच्या खाटेखाली, पुस्तकांच्या मागं होती.

तिनं आतून पट्ट्या काढल्या. करड्या, लाल काठाच्या, हातानं टरकावलेल्या. चार होत्या. नर्सनं कात्री मधोमध चालवली होती, त्यामुळे गाठी जशाच्या तशा होत्या. मुथेऊनं त्या टेबलावर एकेक करून मांडल्या, गाठी आईच्या बाजूला येतील अशा.

“अगं बाई,” काटुंबीबाई म्हणाल्या. “हे कुणी फाडलं?”

“आई म्हणते, तुम्ही.”

“मी?” खुर्ची मागं सरकली. “मी? मुथेऊच्या आई, असं सांगता तुम्ही लोकांना? म्हणून त्या दिवशी बाजारात तुमच्या बहिणीनं माझ्याकडं पाठ फिरवली होय! हे बघ पोरी, मी दाराला कडी लावली. दोन दिवस लावली. ते माझं मला माहीत आहे, देवाला उत्तर देईन मी. तू भिंतीवर खडूनं गणितं लिहीत होतीस, झोपत नव्हतीस, चाळीस पोरी रडत होत्या. पण हे ब्लँकेट मी तुझ्या अंगावर घातलं होतं. गाडीत बसवताना. अख्खं होतं! आणि असली गाठ मला जन्मात...”

बाईंचं बोट गाठीवर होतं. दुहेरी गाठ, शेपूट आत दडवलेलं, ओढावं तितकं आवळत जाणारं. बोलता बोलता त्यांची नजर टेबलाच्या कोपऱ्याकडं गेली. भेटीच्या पिशवीच्या बंदाकडं. तिथून परत पट्टीकडं आली.

तोंड मिटून त्या खाली बसल्या. स्टेथोस्कोप उगाच सरळ केला.

बाहेर मुली जेवणाच्या रांगेत भांडत होत्या. कुणाची तरी ताटली सिमेंटवर पडून गरगरत राहिली.

“राहू दे,” काटुंबीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “जुन्या गोष्टी. पोरगी शिकायला चालली आहे, चांगल्या मनानं जाऊ दे. मी आपला मलेरिया लिहिते, तुम्ही सही करा, आणि...” त्यांनी तो शब्द लिहिलासुद्धा.

मुथेऊनं फॉर्मवर तळहात ठेवला. तो तिनं उचलला नाही.

“खरं काय झालं ते लिहा. मला विचारू नका, मला तर काहीच आठवत नाही.” ती पहिल्यांदा आईकडं वळली. “आईला विचारा.”

आईनं तिच्याकडं बघितलं. मुथेऊनं घड्याळाचा पट्टा सोडला, मग मण्यांचं कडं काढलं, आणि दोन्ही वस्तू बाकावरच्या रिकाम्या जागेत ठेवल्या. हे सगळं तिनं फार सावकाश केलं. घाई करायची नाही, हे तिचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं.

“तुला आठवतंय,” आई म्हणाली.

मुथेऊनं दोन्ही उघडी मनगटं पट्ट्यांशेजारी टेबलावर ठेवली.

“पहिल्यापासून?”

मुथेऊनं एक पट्टी तिच्यापुढं सरकवली.

आईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. रिकामे झाल्यावर हातांचं काय करायचं ते तिला कळेना. शेवटी तिनं समोरची पट्टी उचलली. गाठीतलं दडवलेलं शेपूट नखानं बाहेर काढलं आणि एका ओढीत गाठ सोडवली. ती कशी सुटते हे तिला बघावं लागलं नाही.

“मलेरिया खोडा, मेट्रनबाई,” ती म्हणाली. “गाडीतून उडी टाकायला निघाली होती, म्हणून बांधलं. ते गाडीपुरतं होतं. घरी नेल्यावर सोडायला हवं होतं. इस्पितळात न्यायला हवं होतं. तीन दिवस नाही सोडलं. दार लावून घेतलं, लोक बघतील म्हणून.” तिनं दुसरी गाठ हातात घेतली. “वेड लागलं होतं माझ्या पोरीला. आणि मी बांधलं.”