डाव्या नळीचा आवाज

चाकणच्या आमच्या रस्त्यावर ट्रकांचा एवढा गोंगाट, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तरी खोल्या भाड्यानं देऊन बसून खाणाऱ्या दिग्विजयशेठला आपल्या पिकअपचा आवाज गावाला ऐकवायचा होता. सायलेन्सर गाडीला गप्प करायला असतो, हे मी तीस वर्षं वेल्डिंग करून शिकलो. त्याला कोण शिकवणार?

"लालभाई, मागं दोन नळ्या पाहिजेत."

"इंजिनाचा धूर एकाच वाटेनं येतो, शेठ. दुसरी नुसती शोभेची लागेल, आतून बंद."

"लावा हो तुम्ही. पब्लिकला काय कळतंय?"

लावली. उजवी खरी, डावी खोटी, दोन्ही चकचकीत.

आठवड्यानं तो चार मित्र घेऊन गॅरेजवर आला. एकाला ॲक्सिलरेटर दाबायला बसवलं आणि बाकीच्यांसोबत स्वतः वाकून नळ्यांना कान लावला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"डावीचा बेस कसला भारी आहे, राव!" शेठ मला म्हणाला. "उजवी मात्र फाटक्या आवाजाची. तिलाही डावीसारखी करून द्या."

म्हणजे उजवीचंही तोंड बंद करायचं. तीस वर्षांत गिऱ्हाइकानं सांगितलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम. मी लगेच वेल्डिंगचा चष्मा चढवला.