परत आलेल्या सायकली मी विसरणार नाही

मित्रांनो, मी सायकलींच्या कारखान्यातला एक जुना डेटा वेअरहाऊस, म्हणजे माहितीचे गोदाम आहे. जुना म्हणा, राग नाही. निकामी म्हणाल तर ऐकून घेणार नाही.

मला एका बाईंनी घडवले. तेव्हा दुकानवाले म्हणत, सायकल गिऱ्हाइकाने नेली की ती विकली. हिशेबवाले म्हणत, पैसे आले की विकली. आकडे जुळत नसत आणि रोज हमरीतुमरी होई. बाईंनी सगळ्यांना एका खोलीत बसवून विक्री कशाला म्हणायचे ते ठरवून घेतले. वर एक अट घातली. सायकल परत आली, तर का आली तेही ठेवायचे. पुढे माझा आकडा आला की भांडण मिटू लागले.

मग बाई वारल्या. त्यांच्या टेबलावर कुणीतरी प्रिंटर ठेवला. ते मला फार लागले.

नवे साहेब आले. एका विक्रेत्याने त्यांना माहितीचे भाड्याचे नवे गोदाम दाखवले. झटपट उत्तरे, रंगीत आलेख. आपल्याला त्याला काय विचारायचे आहे, याचा विचार कुणी केला नाही. जेवढी माहिती तेवढे भाडे, म्हणून परत आलेल्या सायकलींची माहिती पुसायचे ठरले.

ते ऐकून दुरुस्ती विभागाच्या काकू तडक साहेबांकडे गेल्या. लहान मुलांच्या सायकलींसाठी एक जुना, स्वस्त ब्रेक पुन्हा मागवला जाणार होता, हे त्यांना ठाऊक होते.

“काकू, जुनं किती दिवस उगाळत बसायचं?”

“एकदा त्या जुन्या गोदामाला या ब्रेकचं विचारा, साहेब. मग खुशाल त्याचा गळा दाबा.”

साहेबांनी आम्हा दोघांनाही विचारले. नव्या गोदामाने लगेच सांगितले, तक्रार नाही. खोटे बोलले नाही बिचारे. परत आलेल्या सायकलींचे त्याला कुणी काही दिलेच नव्हते. मला वेळ लागला. माझे पंखे घरघरले, साहेबांनी घड्याळ पाहिले. मग मी एकेक परत आलेली सायकल त्यांच्यासमोर ठेवली. उतारावर ब्रेक लागला नाही. तार सुटली. मूल पडले. पुन्हा तार सुटली. पुन्हा मूल पडले.

“ऑर्डर थांबवा,” साहेब म्हणाले. मग हळूच, “आणि हे सगळं नव्यात न्या. एकही सोडू नका.”

मित्रांनो, मी लवकरच बंद होईन. मला ठेवा अशी भीक मी मागत नाही. नवे निवडा, वेगवान निवडा. पण निवडण्याआधी तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न त्याला विचारा. आणि पडलेल्या मुलांची आठवण जागा अडवते म्हणून कुणी ती पुसायला आला, तर त्याच्या तोंडावर सांगा, हात लावून बघ.